थोरल्या दिराचा फॉर्म

दैवशाला आशाताई म्हणून कामाला लागली त्याला अकरा वर्षं झाली. ईट गावातल्या आणि गावाबाहेरच्या वस्त्यांवरच्या तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाचा फॉर्म तिच्या पिशवीत असतो. तंबाखू खाता का, दारू किती, थुंकीतून रक्त पडतं का, आणि शेवटी मनाचे दोन प्रश्न. बाई जिभेची धीट. एका माजी सरपंचाला त्याच्या सुनांसमोर ‘दिवसाला किती पुड्या?’ असं विचारून तिनं खरा आकडा काढलेला. अख्ख्या गावाला विचारून झालं, पण एका माणसाला तिनं एकही प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि तो माणूस तिच्याच हातची भाकरी खायचा.

लिंबाजी. तिच्या नवऱ्याचा, भागवतचा, थोरला भाऊ.

आता थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. त्यांच्या धनगरवस्तीवर धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, बाजेवर बसायचं नाही, आणि थेट त्याच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर सासूच्या नावानं भिंतीला ऐकवायचं, “आत्या, भाकरी झाल्यात म्हणावं.” दैवशाला स्कूटी चालवायची, मोबाईलवर सरकारी माहिती भरायची, भूमच्या बैठकीत साहेबांशी वाद घालायची. पण लिंबाजी अंगणात आला की हिचा पदर डोक्यावर आणि ही चुलीमागं. त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. रीत ती रीत.

म्हणून लिंबाजीचा फॉर्म ती चुलीपाशी बसून स्वतःच भरायची. तंबाखू, नाही. दारू, नाही. गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस, आनंद कमी झालाय का? नाही. मन उदास, निराश वाटतं का? नाही. पाच मिनिटांत काम खलास. घरच्या माणसाचं काय विचारायचं, आपल्याला काय माहीत नाही?

हे ‘माहीत आहे’ लई वाईट असतं, बघा.

लिंबाजी पन्नाशीला टेकलेला. लग्न केलं नाही. तरुणपणी एकदा मुलगी बघायला नेलं होतं, तर गडी पोहे खाऊन मागच्या दारानं निघाला आणि सात कोस चालत शेळ्यांकडं परत आला. मुलीकडचे ओसरीवर वाट बघत बसलेले! गावच्या लग्नाला जायचा नाही, पारावर बसायचा नाही, जत्रेत तर नावच नको. चाळीस काळ्या-बांड्या शेळ्या, फडक्यात दोन भाकरी, खांद्यावर घोंगडं आणि बालाघाटचा माळ. दिवस मावळता परत यायचं, ओट्यावर घराकडं पाठ करून जेवायचं आणि झोपायचं. गावाला चोर चालतो, लबाड चालतो, उद्या खुनी आला तरी त्याला चहा पाजतील. पण कुणाशी घेणं ना देणं असा माणूस गावाच्या घशाखाली उतरत नाही. कुणी म्हणायचं बाहेरचं आहे, कुणी म्हणायचं डोक्यानं अर्धा आहे.

त्याची आई बानूबाई मात्र मनातून झुरायची. तिनं तुळजापूरच्या आईला नवस बोललेला, “माजा लिंबा माज्याजवळ बसून चार शब्द बोलला, की तुझी ओटी भरीन.” या नवसाला तीस वर्षं झाली होती.

दैवशाला नवीन आशा झाली तेव्हा तिला मनाच्या आजारांचं प्रशिक्षण मिळालं. उदासीचा आजार कसा असतो, माणूस कसा एकटा राहतो, बोलत नाही, कुणात मिसळत नाही, हे ऐकून तिनं मनाशी म्हटलं, हे तर आपले भावजी! नवी नवी हौस, म्हणतात तसं नव्याचे नऊ दिवस. तिनं भागवतच्या मागं लागून लिंबाजीला धाराशिवला मनाच्या डॉक्टरकडं न्यायला लावलं. डॉक्टरांचं नाव गौरीशंकर. वयस्कर, घाई नसलेला माणूस. भागवत आत बसला, ही दाराशी पदर घेऊन उभी.

“दिवसभर काय करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“शेळ्या राखतो.”

“एकटं नाही वाटत?”

लिंबाजीनं जरा विचार केला. “एकटं वाटाया एकटं सोडतंय कोन?”

डॉक्टर हसले. झोप कशी, भूक कशी, रडू येतं का, जगणं नको वाटतं का, असं सगळं विचारून झालं. झोप गाढ, भूक दोन भाकरींची, तक्रार काही नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “बरं, आनंद कशात वाटतो?”

या प्रश्नावर लिंबाजी इतका वेळ गप्प राहिला की भागवतनं खोकून पाहिलं. मग तो म्हणाला, “सांजच्याला पिल्लं पाजाया सोडतो तवा.”

नंतर डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवलं. ते म्हणाले, “हा माणूस दुःखी नाही. याला माणसांची गरजच कमी आहे. अशा स्वभावाला आम्ही स्किझॉइड म्हणतो. फार टोकाचा असला तर त्याला विकारही म्हणतात, पण एका भेटीत मी शिक्का मारत नाही. उदासीचा आजार वेगळा. तो कधीतरी सुरू होतो, आधीचा माणूस आणि नंतरचा माणूस यांत फरक पडतो. हे तुमचे भाऊ पाळण्यापासून असे आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. तेव्हा बळजबरीनं माणसांत ओढू नका.” मग दैवशालेकडं बघून ते म्हणाले, “आणि एक ध्यानात ठेवा, ताई. यांना तुमच्या मापानं मोजू नका, यांच्याच मापानं मोजा. असा माणूस पुढं खरंच उदास झाला, तर लवकर कळणार नाही. गप्प तर तो आधीपासूनच आहे.”

दैवशाला खूश होऊन परतली. भावजींना काही झालेलं नाही, हे अर्धं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. उरलेलं अर्धं एसटीच्या खिडकीतून कुठंतरी येरमाळ्याच्या आसपास उडून गेलं असावं.

मग दहा वर्षं सुखाची गेली. “भावजींचा सभावच तसा हाय, डॉक्टरनं सांगितलंय,” हे तिचं पालुपद झालं. कुणी नाव ठेवलं की ती हेच तोंडावर फेकायची.

यंदा वैशाखात चावडीपुढं शेळ्यांच्या लसीकरणाचा कॅम्प लागला. दरवर्षी शेळ्या भागवत न्यायचा. तो भूमला एका कॉलेजात शिपाई, आणि त्या दिवशी नेमकी परीक्षेची ड्यूटी. जाताना त्यानं ओट्याकडं बघून सांगितलं, “दादा, आज लशीला शेळ्या नेऊन आण.” लिंबाजी गप्प राहिला. तो गप्प राहिला म्हणजे हो म्हणाला, असंच त्या घरात धरत असत.

आषाढात रोग आला. पिल्लांची नाकं वाहायला लागली, तोंडं आतून सोलली, हगवण लागली. आठ दिवसांत अकरा पिल्लं आणि तीन शेळ्या गेल्या. लिंबाजीनं एकट्यानं खड्डे खणले, एकट्यानं माती लोटली. “लस दिऊन बी मेली, सांगा आता!” असं भागवत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि लिंबाजी ओट्यावर पाठ करून ऐकायचा.

त्यानंतर काय झालं ते सगळं घरासमोरच झालं. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली. बानूबाई म्हणाली, दात गेले असतील. तो पहाटे उठून बसायला लागला. भागवत म्हणाला, वय झालं. अंगावरचं धोतर आठ आठ दिवस बदलायचा नाही. आधी आंघोळीला कधी चुकायचा नाही, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि संध्याकाळी शेळ्या वाड्यात कोंडून तो तसाच दगडावर बसून राहायचा. तुराट्यांच्या मोठ्या डालग्याखाली दिवसभर कोंडलेली पिल्लं आयांचा वास लागला की टाहो फोडायची. पूर्वी लिंबाजी आधी डालगं उचलायचा, मग पायांची धूळ झटकायचा. आता पिल्लं ओरडून ओरडून थकायची आणि शेवटी दैवशालाच जाऊन डालगं उलटवायची. तिला कुठलं पिल्लू कुणाचं ते कळायचं नाही. शेळ्या लाथा झाडायच्या. भावजी म्हातारे व्हायला लागले, असं पुटपुटत ती घरात यायची.

भाद्रपदात फॉर्म पुन्हा भरायचे आले. चुलीपाशी बसून तिनं लिंबाजीचा कागद काढला. बाहेर पिल्लं ओरडत होती. कामातला रस, आनंद कमी झालाय का? तिनं लिहिलं, नाही. मन उदास वाटतं का? नाही. मग पेन ठेवून ती पिल्लं सोडायला गेली. ही गोष्ट तिनं पुढं स्वतःच सांगितली, आणि सांगताना दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं.

दिवाळी झाली आणि एक दिवस लिंबाजी बोलायला लागला.

सकाळी भागवतला त्यानं ओट्यावर बसवलं आणि तासभर बोलत होता. बांडी शेळीचा एक सड बंद आहे, तिचं एक पिल्लू मोरी शेळीला पाजायला लावावं. कानडी पाणी पिताना बुजते, तिला आधी पाजावं. ठिपक्याचा बोकड पुढल्या साली ठेवावा, विकू नये. भागवतनं जन्मात भावाच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं. दुपारी लिंबाजीनं आपलं घोंगडं ओढ्यावर धुतलं, वाळवलं, घडी केली आणि आईच्या उशाला ठेवलं. तिच्याजवळ बसला. तिचे पाय चेपले. म्हणाला, “आई, तुला लई तरास दिला म्या.”

बानूबाईनं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि इतकी रडली की शेजारच्या वस्तीवरची माणसं धावत आली. रडणं थांबलं तशी म्हातारी उठली आणि आधी देवापुढं साखर ठेवली. मंगळवारी तुळजापूरला जायचं ठरलं, सगळ्या घरानं. नवस फेडायचा. लिंबाजीनंच आग्रह केला, “तुमी जावा समदी. शेळ्या म्या बगतो.”

मंगळवारी सकाळी तिघं स्टँडवर आली. बानूबाईच्या मांडीवर ओटीचं ताट, खण, नारळ. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. गावातली सारजाबाई कुठल्याशा लग्नाला निघालेली, ती भेटली. गावात काय शिजतंय हे हिला फोडणीच्या आधी कळायचं.

“समदं घर कुटं निगालं गं बानूबाई?”

“आईची ओटी भराया! लिंबा बोलाया लागला, सारजे! माजे पाय चेपले त्यानं!”

“अगं बया! जलमात न बोललेला मानूस, आन् आत्ताच कसा काय बोलाया लागला?”

सारजाबाईला उत्तर नकोच होतं, ती एसटीत खिडकीची जागा धरायला पळाली. पण दैवशालेनं तो प्रश्न पकडला. यांच्याच मापानं मोजा. दहा वर्षांपूर्वी येरमाळ्याला उडून गेलेलं ते वाक्य तिच्यापुढं जसंच्या तसं उभं राहिलं. भावजींच्या मापानं मोजायचं तर काय दिसतं? भूक गेली. झोप गेली. पिल्लं ओरडली तरी ऐकू येत नाही. आणि घोंगडं धुऊन, घडी करून देऊन टाकलं. जवळची वस्तू देऊन टाकणं, निरवानिरव करणं, हे तर त्या प्रशिक्षणात ठळक अक्षरांत लिहून दिलेलं होतं!

“म्या माघारी चालले,” ती म्हणाली.

“नवसाला निगालेलं माघारी फिरू न्हाय,” भागवत चिडला. “काय इसरलं?”

“तुमचा भाऊ इसरलाय! आत्याला घिऊन या मागनं, बिगी!”

शेजारच्या वस्तीवरचा माणिकप्पा खव्याच्या भट्टीवर दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन निघाला होता. त्याच्या मोटारसायकलवर ती न विचारता बसली आणि म्हणाली, “पळव.” माणिकप्पानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कुठं, कशाला, काही विचारलं नाही.

वाड्यावर शेळ्या होत्या. दिवस कासराभर वर आला तरी माळावर गेल्या नव्हत्या. पाण्याचा हौद काठोकाठ भरलेला. दोन दिवसांचा चारा टाकलेला. डालगं उलटं पडलेलं, आणि सगळी पिल्लं भरदिवसा आपापल्या आयांना लुचत होती. कधी नव्हे ते सगळी मोकळी. लिंबाजी कुडाला टेकून त्यांच्याकडं बघत बसला होता.

दैवशालेचा पदर वाऱ्यानं कधीच खाली पडलेला. तिनं तो सारखा केला नाही. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचे डोळे पहिल्यांदा पाहिले.

“भावजी,” ती म्हणाली. “जीव द्यायचं मनात हाय का तुमच्या?”

एक पिल्लू येऊन तिचा पदर चाटायला लागलं. तिनं ते ढकललं नाही, जागची हललीही नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “तुमी जायाची वाट बगत हुतो.”

तिला बोंब मारून रडावंसं वाटलं. पण तिला ठाऊक होतं की आता आपण रडलो तर हा माणूस पुन्हा पाठ करेल. “कवापासनं?”

“पिल्लं मेली तवापासनं.” मग त्यानं जे सांगितलं ते एवढंच. “लशीला न्हेलीच न्हाईत म्या. चावडीपतूर ग्येलतो. मानसं लई हुती. माघारी आलो. भागवत म्हंतो लस दिऊन मेली. म्या मारली ती. अकरा.”

चावडीपासून वाड्यापर्यंत अर्धा कोस. त्या अर्ध्या कोसाचं ओझं या माणसानं पाच महिने कुणाला न सांगता वाहिलं होतं. सांगायचं तर बोलावं लागतं, आणि बोलायचं तर समोर कुणीतरी बसावं लागतं.

“भावजी, म्या बी एक केलंय,” दैवशाला म्हणाली. “तुमचा फॉर्म. दहा वर्सं झाली, तुमाला न इचारता भरत आले. ह्या भादव्यात बी भरला. पिल्लं वरडत हुती, आन् मी लिवलं, उदास न्हाईत. म्या पापीण हाय.”

लिंबाजीनं तिच्याकडं पाहिलं. म्हणाला, “मंग आता इचार.”

तिनं विचारलं. तिथंच, मातीत बसून, तोंडपाठ असलेले दोन्ही प्रश्न. त्यानं दोन्हींना खरं उत्तर दिलं. रोज, तो म्हणाला. रोज. दिवसभर.

भागवत आणि बानूबाई येईपर्यंत ती तिथून उठली नाही. त्याच दिवशी जीप करून त्याला धाराशिवला नेलं. गौरीशंकर डॉक्टरांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी दोन आठवडे दवाखान्यात ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या, घरच्यांनी एक क्षण एकटं सोडायचं नाही म्हणून बजावलं. भागवत कॉलेजात रजा टाकून भावाच्या खाटेखाली झोपायचा. तो एकटाच असताना एकदा भिंतीला धरून रडला, कारण ‘लस दिऊन बी मेली’ हे वाक्य त्यानं गावभर किती वेळा म्हटलं होतं त्याला आठवायला लागलं.

“तेव्हा तुम्ही म्हणालात ते खोटं होतं का, साहेब?” दैवशालेनं डॉक्टरांना विचारलं. तिला कुणावरतरी राग काढायचा होता.

“नाही. स्वभाव तोच आहे, त्यावर हा आजार येऊन बसलाय. एकाच घरात दोघं राहू शकतात, ताई. आजार काढायचा, स्वभावाला हात लावायचा नाही.”

बानूबाई कोपऱ्यात ऐकत होती. तिनं विचारलं, “म्हंजी बरा झाल्यावं माजा लिंबा बोलंल न्हवं?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “आजी, तो बरा झाला की पुन्हा गप्प होईल.”

परतीच्या वाटेवर जीपमध्ये म्हातारीनं पदर तोंडात धरला होता. तीस वर्षांनी पोरगं जवळ बसलं, पाय चेपले, आई म्हणालं, आणि ते सगळं दुखण्याचं होतं. हे कुठल्या आईनं पचवावं? देवीनं आपली चेष्टा केली असं तिला वाटलं, आणि तिनं महिनाभर देवापुढं दिवा लावला नाही.

हिवाळा वाईट गेला. गोळ्यांनी लिंबाजीचं तोंड कोरडं पडायचं, दिवसा गुंगी यायची. एक गोळी बदलली, मग दुसरी. घरातले दोर, विळे, फवारणीचे डबे सगळं कुलपात. रात्रीचं दैवशालेला झोप लागायची नाही. वाड्याकडं कान लावून पडलेली असायची. पिल्लं शांत असली तरी भीती, आणि ओरडली तरी भीती. आपल्याला आता काही माहीत नाही, एवढं मात्र तिला माहीत होतं. म्हणून ती रोज विचारायची. डोक्यावर पदर घेऊन, पण समोर उभं राहून. “भावजी, आज कसं?” कधी उत्तर यायचं, कधी नाही. न आलेल्या उत्तराचा अर्थ हो असा धरणं तिनं सोडलं होतं. उत्तर येईपर्यंत ती उभी राहायची.

फाल्गुनात एका संध्याकाळी ती अशीच फॉर्म घेऊन वाड्यात गेली. ओट्यावर भाकरींचं फडकं पडलेलं, त्यात तुकडाही उरला नव्हता. बानूबाई कुडापाशी काठी टेकून उभी होती. शेळ्या नुकत्याच आल्या होत्या आणि डालग्याखालची पिल्लं टाहो फोडत होती.

“भावजी, गेल्या दोन आठवड्यांत मन उदास वाटलं का?”

“हाय थोडं.”

“कामात रस? आनंद?”

लिंबाजीनं पिल्लांकडं पाहिलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, अगदी पूर्वीसारख्या.

“बास झालं. जा आता,” तो म्हणाला. “पिल्लं पाजायचीत.”

आणि त्यानं दोघींकडं पाठ केली, वाकून डालगं उचललं, आणि एकेक पिल्लू हातात घेऊन, वास घेऊन, बरोबर त्याच्याच आईखाली सोडायला लागला. बांडीचं एक मोरीला लावलं. ओरडणं हळूहळू थांबलं, नुसतं चुटूचुटू पिण्याचा आवाज राहिला. तो एक शब्दही बोलला नाही, एकदाही वळून पाहिलं नाही. बानूबाई त्याच्या पाठीकडं कितीतरी वेळ बघत उभी राहिली.

“दैवशाले,” ती म्हणाली, “मंगळवारी तुळजापूरला जाऊ. ओटी भरायची ऱ्हायली.”

“आत्या, पर नवस तर तो बोलायचा हुता.”

“व्हय,” म्हातारीनं डोळे पुसले. “बोलला तवा जात हुता पोरगा. आता गप झालाय. चल, त्येला तरास नगं.”

दोघी घराकडं निघाल्या.